तात्पुरते कुंपण

माणसाने कशावर निबंध लिहावा याला काही मर्यादा असावी, असे माझ्या एका स्नेह्याचे मत आहे. पावसावर लिहावे, आजोबांच्या जुन्या पेटीवर लिहावे, फार तर हरवलेल्या छत्रीवर लिहावे. पण कुंपणावर, आणि तेही तात्पुरत्या कुंपणावर, लिहिण्यासारखे आहे तरी काय? त्याचे म्हणणे मला पटते. परंतु हा विषय मी शोधलेला नाही. तो माझ्याकडे फाईलच्या रूपाने चालत आला. आणि जे फाईलच्या रूपाने येते ते नाकारण्याची सोय आमच्या नोकरीत नाही, हे घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माझ्या वाचकांना सांगावयास नको.

मी दिल्लीत एका केंद्रीय कचेरीत लिपिक आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो. इमारतशास्त्राशी माझा संबंध एवढाच की, आमच्या कचेरीच्या इमारतीत मी रोज आठ तास बसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या आवारातील एक जुनी बराक पाडून तेथे नवी इमारत उभारण्याचे काम सुरू झाले. कंत्राटदाराने कामाभोवती आठ फूट उंचीच्या पत्र्यांची भिंत उभी केली, तिच्यावर रंग दिला, आणि आम्ही सर्व जण त्या भिंतीला विसरून गेलो. दिल्लीत अशी पत्र्याची भिंत हा दृश्याचाच एक भाग आहे. मेट्रोचा पहिला मार्ग 2002 साली सुरू झाला, तेव्हापासून या शहराचा कोणता ना कोणता रस्ता पत्र्याआड गेलेलाच असतो. दोन पत्र्यांच्या मधल्या वाटेने लोक कचेरीला जातात, दोन पत्र्यांच्या फटीत चहावाला आपली शेगडी मांडतो, आणि पत्रे निघाले की लोकांना रस्ता चुकल्यासारखे वाटते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एका संध्याकाळी आंधी आली. दिल्लीची आंधी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना वर्णनाने ती कळावयाची नाही. आकाश आधी तांबूस झाले, मग काळवंडले. खिडक्या आपटू लागल्या. आणि थोड्याच वेळात पलीकडच्या बाजूने असा आवाज आला की एखादा मालडबा कलंडला असावा. आमच्या पत्र्याच्या भिंतीचे एक संपूर्ण अंग, सुमारे वीस मीटरचे, पदपथावर आडवे झाले होते. कचेरी सुटून दीड तास झाला होता, म्हणून पदपथावर कोणी नव्हते. रोज तेथे भुट्टे भाजणारी बाई धूळ पाहून आधीच उठून गेली होती. तिची विटांची चूल मात्र पत्र्याखाली चेपून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती आली, चूल पाहिली, विटा वेचल्या, आणि दहा पावले पलीकडे जाऊन बसली. तिने कोणाला काही विचारले नाही. तिच्या त्या न विचारण्याचे मला वाईट वाटत राहिले.

या प्रसंगातून ती फाईल जन्माला आली. उरलेल्या कामाला नवे कुंपण घालावे. आणि येत्या फेब्रुवारीत कचेरीच्या हिरवळीवर तीन दिवसांचे जे प्रदर्शन लोकांसाठी भरावयाचे होते, त्याच्या भोवतीचे कुंपणही त्यातच घ्यावे, असा आदेश होता. विषय : 'तात्पुरत्या कुंपणाची व्यवस्था.' तीन दरपत्रके मागवावी, तुलनात्मक तक्ता करावा, आणि टिपण सादर करावे. आमचे अनुभाग अधिकारी मूळचे केरळचे. निवृत्ती जवळ आलेली. मनाने अत्यंत सरळ. ते म्हणाले, "दोन्हीकडे एकच माल घ्या. प्रदर्शन झाले की तोच माल बांधकामावर जाईल. हिशेब सोपा, ऑडिटही खूश."

मलाही ते सोपे वाटले. एकच शब्द, एकच वस्तू, एकच तक्ता. माझ्या हातून तो तक्ता त्या आठवड्यात तयार झाला असता, तर हा निबंध झाला नसता.

पण आपल्याकडे, म्हणजे आमच्या वाई तालुक्यात, 'कुंपण' हा काही एकच शब्द नाही. मळ्याला कुपाटी असते, परड्याला ताटी असते, खळ्याभोवती बाभळीच्या शिऱ्या ओढलेल्या असतात, बांधावर घायपात नाहीतर निवडुंग असतो. बाभळीच्या शिऱ्या गुरांसाठी. त्यांना काटा कळतो. ताटी माणसांसाठी, ती नुसती नजर अडवते, एरवी पोरानेही ढकलली तर पडेल. आजोबा म्हणत, कुंपण घालण्याआधी आत काय आहे ते बघू नये, बाहेर कोण आहे ते बघावे. शेळी असेल तर खाली दाट पाहिजे, म्हैस असेल तर वर भक्कम पाहिजे. आणि प्रत्येक कुंपणाला एक कवाडी हवी. नाहीतर मालकालाच आपल्या शेतात चोरासारखे शिरावे लागते. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण आम्ही लाचखोरीसाठी वापरून संपवली. पण लहानपणी मी ती अक्षरशः खरी मानीत असे, कारण आमच्या निवडुंगाने खरोखरच दोन हात जमीन खाल्ली होती.

दिल्लीत आल्यावर 'तात्पुरते' या शब्दाचेही माझे ज्ञान वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे कचेऱ्यांसाठी तात्पुरत्या म्हणून बराकी बांधल्या गेल्या. संरक्षण खात्याचे हजारो कर्मचारी त्यांतल्या काही बराकींतून 2021 साली नव्या इमारतींत गेले. तात्पुरतेपणाची पाऊणशेहून अधिक वर्षे झाली होती! आम्ही बदलीवाले लोकही 'तीन वर्षांसाठी' म्हणून येतो, स्वयंपाकघरात खोक्यांवर फळी टाकून मांडणी करतो, आणि मुलगी दहावीला गेली तरी ती फळी तेथेच असते. तेव्हा तात्पुरत्या वस्तूकडे तात्पुरत्या नजरेने पाहू नये, एवढे मी शिकलो आहे.

दरपत्रके मागविण्यापूर्वी माल पाहावा म्हणून मी मंडपाचे सामान भाड्याने देणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या वखारीत गेलो. बल्ल्या, कनाती, पत्रे, लोखंडी बॅरिकेड, सारे तेथे रचून ठेवलेले होते. मी त्याला सांगितले, दोन्ही कामांना चालेल असे एक कुंपण दाखवा. तो हसला आणि म्हणाला, "बाबूजी, पहिल्यांदा सांगा, लोकांना आत यायला मनाई आहे की बाहेर जायला?" मी म्हणालो, "बाहेर जायला मनाई कशी असेल?" तो म्हणाला, "मग पत्रा कशाला मागता?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण घरी जाताना बसमध्ये तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता, हे खरे.

मग मी वाचू लागलो. रात्री जेवणानंतर, मुलगी अभ्यासाला बसली की मीही तिच्यासमोर वही घेऊन बसे. प्रथम वारा. भारतीय मानकात वाऱ्याच्या दाबाचे एक साधे सूत्र आहे : वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि 0.6 ने गुणावे. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. दाब 240 न्यूटन. आठ फूट, म्हणजे सुमारे 2.4 मीटर उंचीचा पत्रा घेतला तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर वारा जवळजवळ 60 किलोच्या जोराने रेटतो. आणि त्या एक मीटर पत्र्याचे स्वतःचे वजन? अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल तर दहा किलोही धड नाही. म्हणजे ती भिंत दिसायला भिंत असली तरी मुळात शीड आहे. मागे टेकू देऊन त्याचा पाय एक मीटरवर रोवला, तर ती उभी ठेवण्यासाठी दर मीटरला सुमारे 70 किलोचे ओझे त्या पायावर हवे; म्हणजे वाळूची दोन चांगली भरलेली पोती. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. आमच्या पडलेल्या भिंतीच्या मागे मी जाऊन पाहिले. तीन टेकूंमागे एक पोते होते, तेही उन्हाने फाटून निम्मे रिकामे झालेले. बाकीच्या पोत्यांवर मजुरांची मुले बसत असत म्हणून ती सावलीत नेऊन ठेवली होती. कोणाला दोष द्यावा? पोती बसण्यासाठी उत्तम असतात.

बांधकामाचे कुंपण पत्र्याचेच हवे, हेही वाचून पटले. जाळी लावली तर वारा आरपार जातो खरा, पण धूळही जाते, आणि दिल्लीत धूळ हा केवळ घर झाडण्याचा प्रश्न राहिलेला नाही. 2018 साली केंद्र सरकारने बांधकामाच्या धुळीविषयी जे नियम काढले त्यांत वारा अडविणारी भिंत इमारतीच्या उंचीच्या एक-तृतीयांश, आणि जास्तीत जास्त 10 मीटर, असावी असे म्हटले आहे. शिवाय आत खड्डे असतात, सळ्या असतात, उघड्या तारा असतात. म्हणून हे कुंपण असे हवे की त्याला खाली फट नसावी, पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी बाहेरच्या अंगाला नसावी, पत्र्याची कापलेली कड उघडी नसावी. त्याचे फाटक आत उघडावे, पदपथावर नव्हे. आणि काम बंद होताच त्याला कुलूप लागावे. फक्त ज्या कोपऱ्यावरून ट्रक बाहेर पडतात तेथे तेवढी जाळी हवी. म्हणजे चालणाऱ्याला ट्रक दिसतो आणि चालकाला चालणारा. एकूण काय, बांधकामाच्या कुंपणाने कोणालाही सोडता कामा नये. त्याचा धर्मच हटवादीपणाचा.

मग मी गर्दीविषयी वाचू लागलो, आणि दोन रात्रींत वही मिटून ठेवली.

त्याचे कारण सांगावयास हवे. माझे गाव मांढरदेवीच्या डोंगरापासून दूर नाही. 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, काळूबाईच्या यात्रेत जी चेंगराचेंगरी झाली ती वाचकांना आठवत असेल. सुमारे तीनशे माणसे गेली, आणि त्यांत बायका फार होत्या. देवळाकडे चढत जाणारी अरुंद वाट, दोन्ही अंगांना दुकाने, पायऱ्यांवर नारळाचे पाणी सांडून झालेला निसरडा, मग पडापड, मग दुकानांना आग. मी तेव्हा दहावीत होतो. आई पहाटे शेजारच्या दोघी बायकांबरोबर गेली होती. रात्री उशिरा ती अनवाणी परत आली. तिच्याबरोबर त्या दोघींपैकी एकच होती. दुसरीला आम्ही काकू म्हणत असू. त्यांच्या घरून आमच्याकडे दर संक्रांतीला तिळाची वडी येई.

आईने या विषयावर घरात कधी बोलणे केले नाही, आणि आम्हीही काढले नाही. ती अजून जोंधळा निवडते, देवाला दिवा लावते, काळूबाईची ओटी घरीच भरते. पण त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे रविवारी तिचा फोन आला, "काय करतोयस?" असे तिने विचारले, आणि मी सहज म्हणून गेलो, "जत्रेसारखी गर्दी होणार आहे आमच्याकडे, तिच्यासाठी कुंपण निवडतोय." ती काही वेळ बोलली नाही. फोन तुटला असे मला वाटले. मग म्हणाली, "पत्र्याचं नको घालू, बाबा."

मी विचारले, "का गं?"

"मी चालत नव्हते रे त्या दिवशी. पाय भुईला नव्हते माझे. लोक नेत होते तसं जात होते. हात वर करता येईना. ओरडायला श्वास नव्हता. एका बाजूला पत्रा होता दुकानाचा, त्याला अंग घासत होतं. पुढे एका बांगडीवाल्याचं दुकान होतं, त्याला मागनं नुसतं कापड. त्यानं सुरीनं ते फाडलं आणि मला आत ओढलं, हिलाबी ओढलं. काकू पत्र्यापाशी होती."

एवढे बोलून तिने मुलीच्या शाळेची चौकशी केली आणि फोन ठेवला. वीस वर्षांत तिने जे सांगितले नव्हते ते एका खरेदीच्या फाईलने तिच्याकडून काढले.

दुसऱ्या रात्री मी वही पुन्हा उघडली. आई जे बोलली होती ते सारे पुस्तकांत लिहिलेले होते. एका चौरस मीटरात चार माणसे असतील तोवर माणूस स्वतःच्या पायांनी चालतो. पाचाच्या पुढे धोका वाढू लागतो. सहा-सात झाली की गर्दी ही माणसांची राहत नाही, पाण्याची होते; लाटा येतात, पाय जमिनीवरून उचलले जातात. अशा ठिकाणी मरणारे बहुतेक जण तुडवले जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. मागच्याला पुढचे काही कळत नसते, आणि पुढच्याला मागे जाता येत नसते. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या मार्गदर्शिकेत गर्दीच्या रेट्यासमोरचा कठडा दर मीटरला 5 किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे 500 किलोपर्यंत, जोर सहन करील असा धरलेला आहे. वाऱ्याचे ते 60 किलो माणसांच्या रेट्यापुढे किरकोळ ठरतात.

त्याच देशात 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचे प्रेक्षक आणि खेळाची जागा यांच्यामध्ये उंच जाळीचे कुंपण होते. प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून ते घातलेले होते, आणि त्या कामात ते चोख होते. त्यामागे माणसे चिरडली जात असताना पलीकडे मोकळे हिरवे मैदान पडले होते. त्या दुर्घटनेच्या बळींची संख्या 97 धरली जाते. शेवटचा मनुष्य अनेक वर्षे दुखापती भोगून 2021 साली गेला. त्यानंतर त्या देशात मोठ्या मैदानांवरची ती कुंपणे काढून टाकण्यात आली. आमच्याकडे प्रयागच्या कुंभात 3 फेब्रुवारी 1954 रोजी मौनी अमावास्येला शेकडो लोक चेंगरून मेले. आणि 29 जानेवारी 2025 रोजी, त्याच तिथीला, त्याच संगमावर बॅरिकेड मोडून पुन्हा तीस माणसे गेल्याचे सरकारने सांगितले. कुंपण न मोडणे हे जसे जीवघेणे ठरते, तसेच भलत्या वेळी भलत्या ठिकाणी मोडणेही. ते मोडता कामा नये. ते उघडले पाहिजे. आणि उघडावे कोणी, केव्हा, कोणत्या बाजूला, हे आदल्या दिवशीच ठरलेले असले पाहिजे.

वखारीतल्या त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले होते. आमच्या फाईलवर ज्याला 'तात्पुरते कुंपण' म्हटले होते त्या एका नावाखाली दोन वस्तू होत्या, आणि त्यांचे गुण एकमेकांच्या अगदी उलट होते. एक उंच हवे, दुसरे छातीपर्यंत पुरे. एकातून काही दिसता कामा नये, दुसऱ्यातून सारे दिसले पाहिजे; कारण पुढे काय चालले आहे हे मागच्याला दिसले तरच तो थांबेल. एकाचे फाटक आत उघडावे आणि त्याला कुलूप असावे. दुसऱ्याचे बाहेर उघडावे आणि त्याला कुलूप कधीही असू नये.

मी टिपण लिहिले. बांधकामासाठी पत्रे, टेकू आणि मोजून वाळूची पोती. दर पंधरा दिवसांनी, तसेच आंधीचा इशारा मिळताच, पोत्यांची तपासणी. प्रदर्शनासाठी 1.1 मीटर उंचीचे लोखंडी बॅरिकेड भाड्याने. ते कडीत कडी घालून खुंटीने जोडलेले असावे. त्यांचे पाय चपटे असावे, म्हणजे चालणारा अडखळणार नाही. दर दहा मीटरला एक जोड असा, की खुंटी उपसताच दोन बॅरिकेड दारासारखे उघडतील. अशा प्रत्येक जोडापाशी एक माणूस, आणि त्याला दुसरे कोणतेही काम नाही. टिपणाच्या शेवटी खर्चाचा फरक दाखविला. एकाच पत्र्याने दोन्ही कामे भागविण्यापेक्षा माझी व्यवस्था महाग होती.

फाईल हल्ली कागदाची नसते, पडद्यावर येते-जाते. परंतु शेरे तेच असतात. 'जादा खर्चाचे समर्थन करावे.' मी अनुभाग अधिकाऱ्यांकडे गेलो. काय सांगावे याची मनात जुळवाजुळव केली होती. किलोन्यूटन, मार्गदर्शिका, दाब. पण त्यांच्यासमोर बसल्यावर मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. कचेरीत घरचे बोलू नये असा माझा नियम आहे. तो त्या दिवशी मोडला. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे पूरमला होणाऱ्या गर्दीविषयी ते दोन वाक्ये बोलले, आणि मग म्हणाले, "हे फाईलवर लिहिता येणार नाही. किलोन्यूटन लिहा." मी किलोन्यूटन लिहिले. त्यांनी खाली सही केली आणि फाईल वर पाठविली. एका मंजुरीला नोकरीत किती वजन लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या सहीची किंमत कळेल.

फेब्रुवारीत प्रदर्शन भरले. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चारच्या सुमारास पश्चिमेकडून ढग आले आणि बघता बघता पाऊस कोसळू लागला. हिवाळ्यातला पाऊस गार असतो. मुले कडेवर घेऊन लोक एकदम मुख्य मंडपाकडे धावले. मंडपाचे तोंड भरले. मागून येणाऱ्यांना ते भरल्याचे कळेना. मी व्हरांड्यात उभा होतो. लोकांची डोकी एकदम एका दिशेला झुकलेली मी पाहिली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. जवळच्या जोडापाशी कंत्राटावरचा एक तरुण रखवालदार उभा होता. बुंदेलखंडातला पोरगा, नोकरीत येऊन चार महिने झालेला. मी हात वर करण्याआधीच त्याने खुंटी उपसली. दोन बॅरिकेड बाजूला वळले. त्याचे पाहून पलीकडच्यानेही आपली खुंटी काढली. लोक त्या वाटांनी बाहेर पडले आणि कचेरीच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. डोकी पुसू लागले. कोणी हसू लागले. एका आजीबाईंची चप्पल चिखलात रुतून राहिली होती, ती त्या पोराने आणून दिली. सारा प्रकार पाच मिनिटांत आटोपला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत प्रदर्शनाची बातमी आली. तीत पावसाचाही उल्लेख नव्हता.

मी रात्री आईला फोन केला. पाऊस पडल्याचे सांगितले, कुंपण उघडल्याचे सांगितले. "कोणी उघडलं?" तिने विचारले. मी त्या पोराविषयी सांगितले. "त्याला काही दिलंस का?" ती म्हणाली. मी काही दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजला आणि सणाला ठेवलेली तिळाच्या वड्यांची पुडी दिली. आपल्याला ती का मिळाली हे त्याला कळले नाही, आणि मलाही ते नीट सांगता आले नाही.

निबंध येथे संपला असता. पण सरकारी काम तेथे संपत नाही. गेल्या महिन्यात लेखापरीक्षकांचा आक्षेप आला आहे. 'एकाच आवारात, एकाच आर्थिक वर्षात, तात्पुरत्या कुंपणाच्या एकाच प्रयोजनासाठी दोन भिन्न प्रकारचे साहित्य घेऊन जादा खर्च का करण्यात आला? कमी दराच्या साहित्याने काय हानी झाली असती, ते सप्रमाण दाखवावे.'

आक्षेप चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणीतरी मागितलाच पाहिजे. उद्या मी त्यांच्या खुर्चीवर असतो तर हेच विचारले असते. अडचण एवढीच आहे की, जे घडले नाही त्याचे प्रमाण कोठून आणावयाचे? जेथे माणसे मेली तेथे आयोग बसतात, अहवाल निघतात, आकडे छापले जातात. जेथे दोन खुंट्या वेळेवर निघाल्या तेथे एक ओळही लिहिली जात नाही.

अनुभाग अधिकारी या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. ते म्हणाले, उत्तराचा मसुदा मी जाण्यापूर्वी माझ्यापुढे ठेवा. मी पहिले वाक्य लिहिले आहे : 'बांधकामाचे कुंपण व जनसमुदायाचे कुंपण ही दोन भिन्न प्रयोजने आहेत.' पुढे सूत्रे येतील, मार्गदर्शिका येतील, तक्ता येईल. आंधीचे दिवस पुन्हा आले आहेत. आज सकाळी कचेरीत शिरताना मी भिंतीच्या मागे जाऊन पोती मोजली. दोन कमी होती. मजुरांच्या मुलांनी ती लिंबाच्या सावलीत नेली होती. मी ती परत आणवली, आणि मुलांना बसायला स्टोअरमधले एक जुने बाकडे काढून दिले. त्या बाकड्याची नोंद कोणत्या रजिस्टरात करावी, हे अजून ठरवावयाचे आहे.